चोरपावलांनी फिरणाऱ्या पात्राला डीएमने कसं हाताळावं?

नौपाड्याची डीएम:
नमस्कार. नौपाड्यात आमच्या घरी एक रविवार सोडून डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, पात्रं घेऊन फाशांवर खेळायचा गोष्टीचा खेळ) चालतं, आणि मी डीएम, म्हणजे गोष्ट सांगून खेळ चालवणारी. पाचवी आवृत्ती, 2014 चे नियम. खेळणारे चौघे: ऐरोलीहून येणाऱ्या ऑफिसातल्या दोघी, शेजारचे काका आणि माझा बारावीतला मावसभाऊ. मोहीम मीच लिहिली आहे. 1737 साल, पोर्तुगीजांनी 1730 मध्ये बांधायला घेतलेला ठाण्याचा किल्ला, आणि मराठी फौज येण्याआधी आत शिरून बुरुजांवरच्या तोफा मोजून आणायच्या. आज तिथे कारागृह आहे, त्यामुळे आतला नकाशा मनानेच काढला.

अडचण मावसभावाच्या हेराची आहे. रोग (Rogue, म्हणजे चोर-हेराचा) क्लास, पाचवी लेव्हल, स्टेल्थ (लपण्याचं कौशल्य) +10. साध्या पहारेकऱ्याचं पॅसिव्ह पर्सेप्शन, म्हणजे फासा न टाकताची त्याची सावधगिरी, 12; फाशात 10 मिळवून हेराला तो आकडा गाठायचा असतो. म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर 1 पडला तरच तो सापडणार. गेल्या वेळी तो एकटा आत गेला आणि पाऊण तास एकटाच खेळत होता. काकांचा लढवय्या चेन मेल (कड्यांचं लोखंडी चिलखत) घालून खाडीत होडीत बसलेला. दोघी मोबाइल बघायला लागल्या.

मग माझ्याकडून चूक झाली. डीएमचे आकडे झाकणाऱ्या पडद्याआड मी पहारेकऱ्याचा आकडा 12 चा 18 केला. त्याला 7 पडले, एकूण 17. मी म्हटलं, "दिसलास." तो काहीच बोलला नाही. पात्राच्या शीटवर स्टेल्थपुढे एक्स्पर्टीजचा (खास प्रावीण्याचा) पेन्सिलीने काढलेला ठिपका आहे, त्यावरून अंगठा फिरवत राहिला. निघताना दारात चपला घालता घालता विचारलं, "ताई, आधीच्या पहारेकऱ्याला मी 13 ला चुकवलं होतं ना?"

मला उत्तर देता आलं नाही. त्याच्या पात्राची कला मला मारायची नाही, पण बाकी तिघांचाही रविवार असतो. तुम्ही काय करता?

सानपाडेकर:
ताई, आकडा वाढवू नका, परिस्थिती बदला. आणि ती त्याला आधी दिसू द्या.

लपणं म्हणजे अदृश्य होणं नव्हे. उघड्या चौकात उजेड असेल, आडोसा नसेल, तर फासा टाकायचाच नाही, सरळ सांगायचं की इथून लपून जाता येणार नाही. मशालीचा लख्ख उजेड 20 फूट, पुढे आणखी 20 फूट अंधूक. अंधूक उजेडात पहारेकऱ्याचं पॅसिव्ह 5 ने उतरतं, 12 चं 7 होतं. तिथे तुमचा हेर 1 पडला तरी सापडत नाही. मग तिथेही फासा नको, एका वाक्यात त्याला पलीकडे न्या. तुमचा पाऊण तास बहुतेक अशाच फाशांत गेला असणार. जी मशाल त्याला ओलांडावीच लागेल तिथे थांबा आणि तिथे मात्र भरपूर वेळ द्या.

तुम्हाला 18 हवेच होते तर एक कुत्रा बांधायचा. मॅस्टिफचं पॅसिव्ह 13, वास आणि आवाजाला अ‍ॅडव्हान्टेज (नियमाने मिळणारी सवलत) असल्यामुळे 5 वाढून 18. तोच आकडा, पण मुलाला आधी साखळीचा आवाज येतो, वारा कुठून आहे ते तो विचारतो, खिशातलं सुकं मांस आठवतं. हरला तरी कशामुळे हरला ते त्याला कळतं. तुमच्या 18 मध्ये त्याला करण्यासारखं काहीच नव्हतं.

सावलीतला:
मी चार वर्षं हेरच खेळतोय, म्हणून खेळाडूच्या बाजूने सांगतो. मला एकट्याला पाऊण तास मिळाला तर मलाही अवघडल्यासारखं होतं, समोरचे कंटाळलेले दिसतात. आमचे डीएम मला काही महत्त्वाचं दिसलं की तिथेच थांबवतात आणि बाकीच्यांकडे वळतात. काकांना होडीत नुसतं बसवू नका. ठाण्याची खाडी आहे, ओहोटी लागली की होडी चिखलात रुतेल, काठावर कंदील घेऊन कोणी येईल. पाच मिनिटं आत, पाच मिनिटं होडीत.

पाचपाखाडी:
सगळ्यांनाच आत न्या की. ग्रुप चेकमध्ये (सगळ्यांनी मिळून फासे टाकायचे) निम्मे पास झाले तरी गट निभावतो, चेन मेलमुळे लपताना होणारा डिसअ‍ॅडव्हान्टेज खपून जातो. कोणी रेंजर किंवा ड्रुइड (रानाशी जोडलेले, मंत्र जाणणारे क्लास) असेल तर पास विदाउट ट्रेस हा मंत्र घ्या, 30 फुटांतल्या सगळ्यांना स्टेल्थला +10.

सानपाडेकर:
ग्रुप चेक चांगलाच. तो मंत्र मात्र प्रत्येक मोहिमेत नको. +10 सगळ्यांनाच मिळाले की त्या मुलाच्या एक्स्पर्टीजला काय अर्थ राहिला?

नौपाड्याची डीएम:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल मावसभावाला फोन केला आणि 18 मी केले होते हे सांगितलं. थोडं थांबून म्हणाला, "मग त्याला परत 12 चा कर. मी त्याच भिंतीपासून सुरू करतो." तसंच करणार आहे. आकडे आता पडद्याबाहेर. कुत्रा खाडीकडच्या बुरुजाखाली बांधलाय.

काका मूळचे चेंदणी कोळीवाड्यातले, म्हणून ओहोटीचं त्यांनाच विचारलं. होडी रुतायला पाणी खूप खाली जायला हवं, भांगाला (अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरती-ओहोटीला) ते तेवढं जात नाही, उधाणाचे (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरती-ओहोटीचे) दिवस धर, म्हणाले. म्हणून रात्र अमावास्येची ठेवली आहे. हेरालाही अंधार मिळेल.