उन्हाचा बाऊ होतोय की आपण त्याला हलक्यात घेतोय?

रोखठोक :
उन्हाळा लागला रे लागला की फोनवर इशारे सुरू. बाहेर पडू नका, पाणी प्या, दुपारी घरात बसा. अहो, उन्हाळ्यात तापणार नाही तर कधी तापणार? अमेरिकेतल्या डेथ व्हॅली या वाळवंटात १० जुलै १९१३ ला ५६.७ अंश नोंदले गेले, तेव्हा कुणाच्या हातात लाल रंगाचा इशारा नव्हता. वाळवंटातही माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतातच की. ऊन सोसायची शरीराची सवय आपण एसीत बसून घालवली आणि आता साध्या उकाड्यालाही आपत्ती म्हणायला लागलो. वर रोजच 'लांडगा आला' ओरडलं तर खरा येईल तेव्हा बघणार कोण? मतं मांडा, आकडे असतील तर तेही द्या. नुसतं घाबरवू नका.

चौकस :
आकडे मागितलेत, घ्या. शिकागो, जुलै १९९५ : पाचेक दिवसांत ७०० हून जास्त माणसं गेली. युरोप, २००३ चा उन्हाळा : ७०,००० हून जास्त, त्यातली १५,००० च्या आसपास एकट्या फ्रान्समध्ये. पुरात वाहून गेलेला माणूस दिसतो. उन्हाने गेलेल्याच्या दाखल्यावर बहुतेकदा हृदयविकार नाहीतर मूत्रपिंडाचा आजार लिहिलेला असतो. म्हणून हिशेब असा करावा लागतो की एरवी त्या दिवसांत किती माणसं जातात आणि या वेळी किती गेली. वरचे मोठे आकडे याच हिशेबातून आलेत.

रोखठोक :
त्यातले बहुतेक ऐंशीच्या घरातले असणार. कठोर वाटेल, पण ते चार-सहा महिन्यांत गेलेच असते.

चौकस :
तसं असतं तर पुढचे काही महिने मृत्यू तेवढेच कमी व्हायला हवे होते. फ्रान्समध्ये हे तपासलं गेलं. भरपाई होईल इतकी घट दिसली नाही. आणि ऐंशीचा माणूस पंख्याअभावी गेला तर चालतं, हे कुणी ठरवलं?

ओलाचिंब :
दोघेही नुसत्या पाऱ्याबद्दल बोलताय. शरीर थंड होतं ते घाम सुकल्यामुळे. नुसता घाम आल्याने काही होत नाही. हवा दमट असेल तर घाम निथळतो, पण सुकत नाही. ही गोष्ट मोजायला थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळतात. त्या ओल्या फुग्याने ३५ अंश दाखवले, तर धडधाकट माणूसही सावलीत, वाऱ्यात, नुसता बसून सहाएक तासांपलीकडे तग धरणार नाही, असा हिशेब २०१० मध्ये मांडला गेला. पुढे पेनसिल्व्हेनियात तरुण निरोगी लोकांवर प्रत्यक्ष चाचण्या झाल्या, तेव्हा दमट हवेत ही मर्यादा ३०-३१ लाच आली. म्हणजे कोरडे ४४ निभावून नेणारा माणूस दमट ३६ मध्ये कोसळू शकतो. 'आम्ही ४५ बघितलेत' या वाक्याला त्यामुळे फारसा अर्थ उरत नाही, रोखठोकजी.

मुकादम :
सवयीबद्दल धागाकर्त्याशी सहमत, पण अर्धाच. सवय होते हे खरं. एक-दोन आठवड्यांत शरीर लवकर आणि जास्त घाम सोडायला शिकतं, घामातलं मीठही राखतं. पण काही आठवडे गारव्यात काढले की ती जाते, पुन्हा श्रीगणेशा. कामावर ऊन लागून दगावणाऱ्यांत म्हणूनच पहिल्या काही दिवसांतले नवखे जास्त असतात. नियम साधा आहे : नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हात पाचवा हिस्साच काम, मग रोज तेवढंच वाढवत न्यायचं. ठेकेदाराला हे पटवून देणं हा मात्र वेगळाच उन्हाळा.

एक बघितलेलं सांगतो. विशीतला, दणकट, नवा पोरगा पत्र्याखाली सळया बांधत होता. तार उलटी पिळायचा, सोडायचा, परत उलटीच पिळायचा. विचारलं तर 'काही नाही, बराय मी'. आज वार कोणता म्हटल्यावर चिडला. शर्ट ओलाचिंब होता. घाम थांबला तरच उष्माघात, या समजुतीवर विसंबू नका. राबणाऱ्याला घाम येत असतानाही तो होतो. पोटातलं तापमान चाळिशीपार गेलं की आधी बिघडतं ते डोकं. आम्ही त्याला सावलीत आडवा केला, बूट-शर्ट काढले, ड्रममधलं पाणी अंगावर ओतत राहिलो आणि पुठ्ठ्याने वारा घातला. गाडी येईपर्यंत हात थांबवला नाही. एकाने तापाची गोळी पुढे केली होती. या तापावर ती चालत नाही, उलट अपाय होऊ शकतो. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणीही घालायचं नाही.

रोखठोक :
मुकादम, पटलं. पण हे राबणाऱ्यांचं झालं. घरात बसणाऱ्यालाही तोच लाल इशारा कशाला?

निशाचर :
कारण माणसं घरातच मरतात! कॅनडात ब्रिटिश कोलंबियात जून २०२१ च्या लाटेत लिटन गावी ४९.६ अंश झाले आणि प्रांतात ६१९ जण उष्म्याने गेले. जवळजवळ सगळे घरांत किंवा इमारतींतच. शिकागोतही एकटे राहणारे म्हातारे जास्त. वरच्या मजल्याची भिंत दिवसभर तापते आणि ती उष्णता रात्री आत सोडते. शरीराला सावरायला मिळते तीच रात्र. तीच तापलेली राहिली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हृदय थकतं. तेव्हा माझा राग चौकसच्या बाजूवरही आहे. 'घरात बसा' हा सल्ला ज्याच्या घरात गारवा आहे त्यानेच लिहिलेला असतो. त्यात एसीवाले आपली उष्णता शेजाऱ्याच्या खिडकीसमोर फेकणार. सल्ला द्यायचाच तर दुपारचे दोन तास तरी थंड जागेत घालवा, असा द्या, आणि ती जागा कुठे आहे तेही सांगा.

चौकस :
मान्य. पण म्हणून इशारेच फुकट, असं नाही. अहमदाबादेत मे २०१० मध्ये १,३४४ जादा मृत्यू झाले. मग २०१३ मध्ये तिथे उष्मा कृती आराखडा आला : रंगांचे इशारे, दवाखान्यांची तयारी, पाण्याची सोय. नंतरच्या अभ्यासांत मृत्यू घटल्याचं दिसलं. इशाऱ्यामागे कुणी तरी हलतं तेव्हाच तो कामाचा.

रोखठोक :
मग तसं लिहा ना! '४२ अंश, काळजी घ्या' यातून मला काय कळतं? 'आज रात्रीही उतरणार नाही, वरच्या मजल्यावरच्यांनी झोपायची सोय बघावी' असं आलं तर मी वाचेन. फोनवरचा लाल रंग मी तरीही बंदच ठेवणार आहे.

निशाचर :
ठेवा बंद. फक्त लघवीच्या, रक्तदाबाच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असतील, तर उन्हाळ्यात डोसचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारा. यांतल्या काहींनी पाणी कमी होतं, काहींनी घाम. मनाने मात्र एकही गोळी सोडू नका.

मुकादम :
ओलाचिंबजी, हवा चाळिशीपार गेली तर पंखा लावूच नये म्हणतात. खरं का?

ओलाचिंब :
कोरड्या अंगावर नको. हवा शरीरापेक्षा गरम असेल तर पंखा ती उष्णता अंगावर आणून ओततो. अंग ओलं करून लावला तर पाणी सुकताना फायदा होतो. वय झालेल्यांना घाम कमी येतो, म्हणून त्यांच्या हातापायांवर, मानेवर थोड्या थोड्या वेळाने ओलं फडकं फिरवा. आणि नुसतं साधं पाणी तांब्यामागून तांब्या ढोसू नका, रक्तातलं सोडियम उतरतं. दिवसभर घाम गाळणाऱ्याला मीठ हवंच.