कापणीच्या सणाच्या लिलावात नावं पुकारणं बंद करावं का?

सावेडीकर (धागाकर्ता)

सलाम मंडळी. कापणीचा सण आला की आमच्या नगरकडच्या बऱ्याच मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, उपासनेनंतर लिलाव होतो. इथले सगळेच प्रोटेस्टंट नाहीत, म्हणून थोडक्यात सांगतो. लोक घरचं, शेतातलं जे असेल ते आणतात: ज्वारी, लाल भोपळा, पपई, अंडी, गावरान कोंबडा, लोणच्याची बरणी. प्रार्थना होते, मग आवारात बोली लागते आणि पैसा मंडळीच्या खात्यात जातो. इथवर माझी काहीच तक्रार नाही.

तक्रार माईकबद्दल आहे. "अमुक साहेब पाचशे! तमुक साहेब, तुम्ही गप्प का? मागच्या वर्षी तर भारी बोलला होता!" असं सुरू झालं की डझनभर अंडी दोन हजारांवर जातात. कारण आता बोली अंड्यांवर नसते, दोन साहेबांत असते. त्याच टेबलावर एका म्हाताऱ्या बाईनं आणलेल्या मेथीच्या दोन जुड्या असतात. त्यांची पाळी आली की माईकवाला म्हणतो, "हे वीस रुपयांत उरकून टाका रे कुणीतरी." बाई तिथंच उभी असते, पदर सावरत. हे मी एकाच मंडळीत पाहिलेलं नाही.

'तुझा उजवा हात काय करतो हे डाव्याला कळू नये' हे मत्तयाच्या सहाव्या अध्यायातलं वचन आपण लहानपणी संडेस्कूलात पाठ केलेलं असतं. मग दान देताना नाव पुकारायची गरज काय? माझं म्हणणं एवढंच की बोली चिठ्ठीवर घ्यावी आणि नाव फक्त खजिनदाराच्या वहीत असावं. नम्रतेवर उपदेश ऐकायला आपल्याला आवडतो, पण ती पाळायचा प्रसंग उपासना संपल्यावर आवारात येतो आणि तिथं आपण नापास होतो.

घोडेगावचा पाव्हणा

साहेब, चिठ्ठीवर लिलाव म्हणजे मुक्यांची कुस्ती. मजा गेली की पैसा गेला. आमच्या खेड्यातल्या मंडळीचे पत्रे याच लिलावावर बदलले, पाळक साहेबांच्या पगाराची तूटही यातूनच भरते. तुमच्या शहरात महिन्याच्या महिन्याला दानाची पाकिटं येतात, आमच्याकडं पीक आलं तरच हातात काही येतं.

आणि वचनं आम्हीही वाचतो. बायबलातलं प्रेषितांची कृत्ये, चौथा अध्याय काढा. बर्णबानं शेत विकून पैसे प्रेषितांच्या चरणी ठेवले. ते पुस्तक लिहिणाऱ्या लूकनं त्याचं नाव लिहिलं, मुलूख लिहिला, कुळ लिहिलं. दोन हजार वर्षं आपण ते नाव वाचतोय. बर्णबा गर्विष्ठ झाला का?

सावेडीकर

पाव्हणं, पुढचं पान उलटलं नाहीत. पाचव्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत हनन्या आणि सप्पीरा येतात. शेत त्यांनीही विकलं, थोडे पैसे मागं ठेवले आणि सगळेच आणल्याचा आव आणला. त्यांना हा मोह कुठून झाला असेल? बर्णबाचा झालेला बोलबाला त्यांनी पाहिला होता, असं मला तरी वाटतं.

कॅम्पातली मावशी

नावं बंद करून काही होत नाही हो. आमच्या पुण्याच्या चर्चमध्ये देणगीदारांच्या यादीत 'एक हितचिंतक' असं छापतात. हितचिंतक कोण हे बाहेर चहाच्या टपरीपर्यंत सगळ्यांना ठाऊक! वर "बघा, किती नम्र माणूस, नावसुद्धा नको म्हणाला" हे कौतुक वेगळंच. त्यापेक्षा पंख्याच्या पात्यावर 'कैलासवासी आजोबांच्या स्मरणार्थ' लिहिणारा परवडला.

खजिनदार (माजी)

व्यवहाराचं बोलतो. दहा वर्षांहून जास्त वही सांभाळली आहे. नाव पुकारलं की शंभर जणांसमोर आकडा ठरतो, मग वहीत तो बदलता येत नाही. चिठ्ठी एकटा खजिनदार उघडणार असेल तर आठ दिवसांत कुजबुज सुरू होते, "नक्की किती जमले?" पौलानं यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी जमवली तेव्हा पैसा एकट्याच्या हातानं नेला नाही, सोबत मंडळ्यांनी निवडलेली माणसं घेतली, कोणी बोट दाखवू नये म्हणून. दुसऱ्या करिंथच्या पत्राचा आठवा अध्याय. हिशेब उघडा ठेवणं हीसुद्धा नम्रताच आहे, माझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवा असं न म्हणण्याची.

आकडे पुकारा, नावं नको, पावती प्रत्येकाला. एवढ्यात भागतं. पण मेथीच्या जुड्यांचा मुद्दा मात्र सावेडीकरांचा बरोबर आहे.

भिंगारचा नातू

मी जरा वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

ही 'नावं पुकारू नका, मागं बसा, लीन व्हा' भाषा मला ऐकवत नाही. नगर जिल्ह्यातले आपण बहुतेक कोण आहोत? 1831 मध्ये अमेरिकन मराठी मिशन नगरात आलं, पुढं दुष्काळ पडले, शाळा निघाल्या, आणि आपली महारा-मांगांची घरं मंडळीत आली. माझ्या पणज्याला पाटलाच्या वाड्यासमोर 'जोहार मायबाप' म्हणावं लागायचं. चप्पल हातात, मान खाली. त्याची नम्रता पिढ्यान्‌पिढ्या सक्तीनं वसूल झाली आहे. त्याच्या पणतूचं नाव आज माईकवर 'साहेब' लावून पुकारलं जातं, आणि तुम्ही म्हणता हा गर्व?

लिलावात हात वर करणाऱ्यांकडं नीट बघा. रिटायर्ड शिक्षक, नर्सबाई, पोस्टातला माणूस. ज्यांचं नाव गावात कुणी आदरानं घेतलं नाही, त्यांचं वर्षातून एकदा सगळ्यांसमोर घेतलं जातं. आमच्या लोकांना मान ताठ करायला शंभर-दीडशे वर्षं लागली. ती पुन्हा खाली घालायला बायबल वापरू नका.

शिवाय बायबलातही सगळे मान खाली घालत नाहीत. फिलिप्पै शहरात पौलाला बेकायदा फटके मारून तुरुंगात टाकलं आणि सकाळी "गुपचूप जा" म्हणून निरोप पाठवला. तो काय म्हणाला? आम्ही रोमी नागरिक आहोत, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढावं. आणि ते आले! येशूला मुख्य याजकासमोर चपराक बसली तेव्हा त्यानंही विचारलं, "बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस?" 1950 च्या आदेशामुळं ख्रिस्ती दलिताला अनुसूचित जातीत धरत नाहीत, ते मागायला मोर्चात गेलो तर आपल्यातलेच वडीलधारे म्हणतात, "ख्रिस्ती माणसानं हक्कासाठी भांडू नये, नम्र असावं." ही नम्रता कुणाच्या सोयीची आहे?

निवृत्त मास्तर, राहुरी

भिंगारचे भाऊ, पोटतिडकीनं लिहिलंत, आणि बरंचसं पटलं. पण फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय काढतो. ख्रिस्त देवाच्या बरोबरीचा होता, तरी त्यानं ती बरोबरी धरून ठेवली नाही, दासाचं रूप घेतलं. आधी बरोबरी होती, मग सोडली. ज्याच्याजवळ काही नाही त्याच्याकडून सोडवून घेणं ही जबरदस्ती झाली, ते तुमचं म्हणणं मान्य. पण आज आपल्यातल्या काहींजवळ आहे. नोकरी आहे, बंगला आहे, पंच कमिटीत खुर्ची आहे. त्यांना हे पत्र लागू होतं की नाही? का 'आमच्या पणज्यानं सोसलं' म्हणून नातवाला कायमची सूट?

तुम्ही मेथीवाल्या बाईवर एक ओळ लिहिली नाहीत. तिचा पणजाही जोहारच करत असणार.

भिंगारचा नातू

मास्तर, हे लागलं. तिच्यासाठी माईकवाल्याला सुधारा ना, माईक कशाला काढता? तिचंही नाव पुकारा! "अमुक आजीबाईंच्या शेतातली मेथी", मग बघा बोली कशी चढते.

वसईची सून

मी कॅथलिक, तुमच्या लिलावाबद्दल मत द्यायचा मला अधिकार नाही. आमच्याकडं नम्रतेचा जाहीर कार्यक्रम पवित्र गुरुवारी, गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, असतो. येशूनं शिष्यांचे धुतले तसे फादर बारा जणांचे पाय धुतात. पाय घरूनच स्वच्छ धुऊन, नखं कापून आलेले असतात, आणि त्या बारांत नाव लागावं म्हणून काय काय चालतं ते विचारू नका. 2013 मध्ये पोप फ्रान्सिस रोममधल्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात गेले आणि तिथल्या बारा मुलामुलींचे पाय धुतले. त्यांत दोन मुली होत्या, एक तर मुसलमान. तोवर नियमानं पुरुषांचेच पाय धुवायचे. 2016 मध्ये तो नियमच बदलला. तरी किती ठिकाणी अजून बारा बाप्येच बसतात.

मला मुद्दा वेगळाच मांडायचाय. इथं सगळे आवारातल्या नम्रतेवर बोलताय. रोजची नम्रता घरात कुणाच्या वाट्याला येते? लग्नाआधीच्या वर्गात मला सांगितलं होतं, "मरियेसारखी नम्र राहा." माझ्या नवऱ्याला कुणी "योसेफासारखा नम्र राहा" असं सांगितल्याचं आठवत नाही. आणि मरियेचं स्तोत्र वाचलंय का कुणी नीट? अधिपतींना राजासनांवरून ओढून काढणारा आणि दीनांना उंच करणारा देव आहे त्यात. गरीब गाय म्हणावं असं ते गाणं नाही.

पंडिता रमाबाईंचंच घ्या. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. नंतर तिथल्या सिस्टर आणि बिशप काय मानायचं, काय नाही, हे सांगू लागले. रमाबाईंनी पत्रात साफ लिहिलं की एका पुरोहितवर्गाचं जू मोठ्या कष्टानं उतरवलंय, आता तसलंच दुसरं चढवून घेणार नाही. त्यांना गर्विष्ठ ठरवलं गेलं. आणि याच गर्विष्ठ बाईनं पुढं दुष्काळातून शेकडो मुली-बायका पुणे जिल्ह्यातल्या केडगावला आणल्या, त्यांच्यासोबत राहिली, त्यांच्यासाठी खपली. बिशपपुढं मान न झुकवणं आणि टाकून दिलेल्या पोरीपुढं वाकणं, दोन्ही एकाच बाईनं केलं. कोण कुणापुढं वाकतंय, ते आधी बघा.

घोडेगावचा पाव्हणा

ताई, जोरदार. पण आमचा कोंबडा अजून टेबलावरच आहे.

सावेडीकर

वसईच्या ताईंनी जे शेवटी लिहिलं त्याला धरूनच बोलतो. भिंगारच्या भाऊंशी माझं भांडण नाही. कलेक्टर कचेरीत मान ताठच हवी, मोर्चात तर हवीच, तिथं मीही तुमच्यासोबत येईन. पण मंडळीच्या आवारात आपल्यासमोर पाटील नसतो, आपलीच माणसं असतात. तिथं ज्याचा खिसा जड त्याचं नाव दहादा आणि जिचा हलका तिचं 'उरकून टाका', म्हणजे आपण वाडाच पुन्हा बांधला, फक्त आत आपण बसलो. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून 'देवाचा दरबार' काढला. दरबार हे नाव दिलं तरी त्यात मानाच्या खुर्च्या ठेवल्या नव्हत्या.

आजीबाईंचं नाव पुकारा ही सूचना चांगली आहे. आणणाऱ्याचं नाव घ्या, घेणाऱ्याचं नको. एवढं तरी मान्य कराल?

खजिनदार (माजी)

हे जमेल. आणणाऱ्याची यादी आधीच करता येते. घेणाऱ्याला नंबराचं कार्ड द्यायचं, नंबर पुकारायचा, पावती नावानं. खर्च, कार्डाच्या पुठ्ठ्याचा.

कॅम्पातली मावशी

आठवड्याभरात सगळ्यांना पाठ होईल, सात नंबर म्हणजे कोण ते.

भिंगारचा नातू

आणणाऱ्याचं नाव, मान्य. घेणाऱ्याचं काढायला मी तयार नाही. ज्या नर्सबाईनं पगारातले हजार रुपये त्या मेथीवर लावले तिचं नाव मुलांना कळायला हवं. बर्णबाचं कळलं ना?

निवृत्त मास्तर, राहुरी

एक विचारू? बायबलातल्या गरीब विधवेनं दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, टाकल्या तेव्हा येशू मंदिराच्या भांडारासमोर बसून बघत होता. त्यानं शिष्यांना बोलावून तिचं दान दाखवलं, म्हणजे पुकारलंच म्हणा. पण तिचं नाव शुभवर्तमानात नाही. दोन्ही बाजूंनी हाच उतारा वापरता येईल, म्हणून दोघांसाठी ठेवतो.

वसईची सून

नावं राहू दे नाहीतर जाऊ दे. सुरुवात पहिल्या रांगेपासून करा. मेजवानीला गेलास तर मुख्य आसनावर बसू नको, हे लूकच्या चौदाव्या अध्यायात स्पष्ट लिहिलंय. आमच्याकडंही आणि तुमच्याकडंही पहिली रांग राखीव असते.

भिंगारचा नातू

पहिल्या रांगेत माझी आई बसते. गुडघे गेलेत, कानानं कमी ऐकू येतं. तिला कुणी उठवायचं नाही.

सावेडीकर

त्यांना कोण उठवतंय? मी कमिटीच्या सोफ्याबद्दल बोलतोय.