स्वावलंबी आणि स्वतंत्र, एकच का?

ऐरोलीकर: धाकट्या भावाला सीपी (सेरेब्रल पाल्सी, मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर येणारं अपंगत्व) आहे, आता अठराचा होईल. 'इंडिपेंडंट लिव्हिंग'ला मराठीत नक्की काय म्हणायचं? सगळे 'स्वावलंबी जीवन' म्हणतात, मला नाही पटत. 'एकट्याने राहणं' तर नाहीच नाही.

वाशीची आई: दादा, पटू नयेच. स्वावलंबन म्हणजे आपलं आपण करणं, आंघोळ, जेवण, कपडे. यूडीआयडी कार्डाच्या, म्हणजे अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्राच्या, वेबसाइटच्या नावातच स्वावलंबन आहे म्हणून तो शब्द तोंडात बसलाय. पण संयुक्त राष्ट्रांचा २००६ चा अपंग हक्क करार आहे ना, भारताने २००७ मध्ये मान्य केलेला, त्याच्या कलम १९ मध्ये कुठे आणि कोणाबरोबर राहायचं ते माणसाने स्वतः ठरवायचं असं आहे आणि त्यासाठी मदतनीस मिळायला हवा हेही तिथेच लिहिलंय, म्हणजे मदत घेतली की स्वातंत्र्य गेलं असं होत नाही. माझ्या मुलीला बटणं लावता येत नाहीत, मी लावते, पण ड्रेस कुठला ते तीच ठरवते आणि नको असेल तर हात आखडून घेते, बोलता येत नाही तिला फारसं पण नाही म्हणजे नाही. स्वावलंबी नसेल, स्वतंत्र आहेच ती! उलट सगळं हाताने करणारी मुलंसुद्धा बघते मी, ज्यांना घरात कोणी काही विचारतच नाही, त्याचं जास्त वाईट वाटतं.

ठाणे पूर्व: यात 'पालकत्व' पण घ्या, कारण अठरानंतर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. नॅशनल ट्रस्ट ही अशा अपंग व्यक्तींसाठीची सरकारी संस्था, तिच्या १९९९ च्या कायद्यात सीपी येतो, पालक नेमायचा अर्ज लोकल लेव्हल कमिटीकडे करायचा, ती जिल्ह्याची असते त्यामुळे ऐरोलीवाल्यांना ठाणे. पण २०१६ च्या अपंग हक्क कायद्यातलं कलम १४ आधी वाचा, त्यात 'मर्यादित पालकत्व' आहे, ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळापुरतं, आणि निर्णय दोघांनी मिळून घ्यायचा, त्या व्यक्तीच्या इच्छेप्रमाणे. सीपी म्हणजे बुद्धीवर परिणाम झालेलाच असतो असं नाही, भावाला समजत असेल तर पालक कशाला नेमायचा?

ऐरोलीकर: समजतं हो सगळं, बारावीला आहे. मग 'स्वतःच्या मर्जीने राहणं' म्हणतो मी. त्याला मित्राकडे पुण्याला राहायला जायचंय, आई नको म्हणतेय, तुमचं ड्रेसचं तिला आज वाचून दाखवतो ताई.