झिगीचा दौरा पैशाने उभा राहिला, हे मान्य नाही

शिरीष_ना

परवा इथे मंदार यांनी लिहिले की ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवी ज्यात झिगी स्टारडस्ट या काल्पनिक रॉक ताऱ्याची भूमिका करत गात असे, तो १९७२-७३ चा दौरा म्हणजे टोनी डिफ्रीज या व्यवस्थापकाने आरसीए या ध्वनिमुद्रण कंपनीच्या पैशावर उभा केलेला देखावा होता आणि त्यात गाण्यापेक्षा केसांच्या रंगालाच अधिक महत्त्व होते. दीड वर्षाचे काम असे एका परिच्छेदात निकालात काढलेले पाहून राहवले नाही, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

आधी घटनांचा क्रम पाहा. १० फेब्रुवारी १९७२ रोजी लंडनच्या नैर्ऋत्येकडील टॉलवर्थमध्ये, टोबी जग नावाच्या पबमध्ये, मूठभर लोकांपुढे या दौऱ्याचा पहिला प्रयोग झाला. त्यानंतरचे काही महिने बोवी आणि त्याचे तीन साथीदार (गिटारवर मिक रॉन्सन, बासवर ट्रेव्हर बोल्डर आणि ड्रम्सवर वुडी वुडमन्सी) नगरसभागृहांत आणि महाविद्यालयांत वाजवत फिरत होते. ‘स्टारमॅन’ हे गाणे २८ एप्रिलला आले, झिगीची तबकडी १६ जूनला आली आणि बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’मध्ये तो दिसला ६ जुलैला. म्हणजे देशाने त्याला दूरदर्शन संचावर पाहिले त्याच्या जवळजवळ पाच महिने आधीपासून तो ही भूमिका रंगमंचावर घासून पुसून तयार करत होता. बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीचा सिंथेसायझरवरील अवतार वाजवून अंधारात प्रवेश करायचा, मध्ये एखादे गाणे केवळ गिटारच्या साथीवर म्हणायचे, मग पुन्हा पूर्ण आवाज उघडायचा, ही रचना जाहिरात कंपनीच्या कचेरीत जमत नाही. ती प्रेक्षकांसमोर रोज उभे राहूनच जमते.

शिवाय पैशानेच सारे होत असते तर अमेरिकेत काय झाले? तिथे डिफ्रीजने खरोखरच पाण्यासारखा पैसा ओतला. मोठा लवाजमा, बेव्हर्ली हिल्स हॉटेलातला मुक्काम आणि बिले आरसीएच्या नावावर. तरीही सेंट लुईसच्या प्रचंड सभागृहात इतके कमी लोक आले की बोवीने सर्वांना पुढे येऊन बसायला सांगितले. तबकडी तिकडच्या खपाच्या यादीत ७५ व्या क्रमांकापुढे गेली नाही. ब्रिटनमध्ये तीच तबकडी ५ व्या क्रमांकावर पोहोचली. जिथे आधी घाम गाळला होता तिथे यश आले आणि जिथे आधी पैसा गेला तिथे खुर्च्या रिकाम्या राहिल्या, एवढेच माझे म्हणणे आहे.

मंदार_७४

माझे नाव घेऊन लिहिले आहे, म्हणून उत्तर देणे भाग आहे. तुमच्या तारखा बरोबर आहेत, परंतु त्यांतून तुम्ही काढलेला निष्कर्ष बरोबर नाही. २२ जानेवारी १९७२ च्या ‘मेलडी मेकर’ या ब्रिटिश संगीत साप्ताहिकात बोवीने आपण समलिंगी असल्याचे जाहीर केले. इंग्लंडमध्ये समलिंगी संबंधांवरची कायदेशीर बंदी अंशतः उठून तेव्हा पाच वर्षेसुद्धा झाली नव्हती. त्या मुलाखतीने उडालेली खळबळ तुमच्या टोबी जगच्या आधीची आहे, हे तुम्ही सोयीने गाळले.

दुसरे असे की १७ जूनला ऑक्सफर्डच्या टाउन हॉलमध्ये बोवी रॉन्सनच्या गिटारपुढे गुडघे टेकून बसला आणि मिक रॉकने ते छायाचित्र टिपले. सभागृहात असतील काही शे लोक. ते छायाचित्र देशभर पोहोचले, कारण त्याची पानभर जाहिरात ‘मेलडी मेकर’मध्ये छापून आली. १५ जुलैला एल्सबरीच्या मैफलीसाठी अमेरिकेतून पत्रकार आणले गेले, तेही कंपनीच्या खर्चाने. याला तुम्ही घाम म्हणत असाल तर माझे काही म्हणणे नाही. मी त्याला भांडवल म्हणतो.

आणि अमेरिकेचे उदाहरण तुमच्यावरच उलटते. क्लीव्हलंडमध्ये २२ सप्टेंबरची पहिलीच मैफल उत्तम गेली, कारण तिथल्या रेडिओ केंद्राने त्याची गाणी सातत्याने वाजवली होती. नोव्हेंबरमध्ये तो त्याच शहरात परत आला तेव्हा कितीतरी मोठे सभागृह घ्यावे लागले. वादक तेच आणि गाणीही तीच असताना एका शहरात गर्दी झाली व दुसऱ्यात झाली नाही, तेव्हा फरक प्रसाराचाच होता.

अनुराधा_क्रॉयडन

दोघांनीही कागदावरची माहिती भरपूर दिली आहे, म्हणून मी घरातली सांगते. माझे मामा तेव्हा लंडनमध्ये नोकरीला होते आणि सहकाऱ्यांच्या आग्रहावरून १२ मे १९७३ रोजी अर्ल्स कोर्टला गेले होते. प्रदर्शनांसाठी बांधलेल्या त्या इमारतीत सुमारे १८,००० माणसे कोंबली होती. व्यासपीठ बुटके होते, मागच्यांना काही दिसत नव्हते आणि आवाज इतका वाईट होता की कोणते गाणे चालू आहे तेही कळेना. लोक चिडून पुढे घुसले आणि कार्यक्रम थांबवावा लागला. मामा आयुष्यभर सांगत की त्या माणसाला गाता येते की नाही हे मला ठाऊक नाही, कारण मला ते ऐकूच आले नाही. मोठा आकडा गाठण्याची हाव कलावंताला कशी मारक ठरते याचा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही, आणि ती हाव डिफ्रीजची होती. म्हणून माझे मत मंदार यांच्या बाजूने.

शिरीष_ना

अनुराधाताई, तुमच्या मामांचा अनुभव खोटा आहे असे मी म्हणणार नाही, पण तो माझ्याच बाजूचा आहे. अर्ल्स कोर्ट ही व्यवस्थापकाची चूक होती. ती रात्र वाया जाऊनही पुढे ब्रिटनभर सभागृहे भरत राहिली, कारण लोकांनी वर्षभर आधी लहान सभागृहांत त्याला ऐकलेले होते.

मंदार, जाहिरातीचा मुद्दा मी नाकारत नाही. पण जाहिरातीत छापायला आधी तो क्षण रंगमंचावर घडावा लागला ना? तो क्षण डिफ्रीजने विकत घेतलेला नव्हता.

सहावी_तार

धागा वाचतो आहे आणि एका गोष्टीचा संताप येतो आहे. तो क्षण कोणाच्या गिटारपुढे घडला, याबद्दल कोणी एक वाक्यही लिहिलेले नाही. मिक रॉन्सन हा इंग्लंडच्या हल शहरातला मुलगा. बोवीकडे येण्याआधी तिथल्या नगरपालिकेच्या बागांमध्ये माळीकाम करत होता. ‘लाइफ ऑन मार्स?’मधली तंतुवाद्यांची रचना त्याची. दौऱ्यात ‘द विड्थ ऑफ अ सर्कल’ हे गाणे सुरू झाले की बोवी आत जाऊन कपडे बदलत असे आणि तितका वेळ रॉन्सन एकटा गिटारवर सभागृह धरून ठेवत असे. तुम्ही ज्याला झिगीची वेशभूषा म्हणता ती या माणसाच्या श्वासावर चालत होती.

आणि त्याचे फळ काय मिळाले? १९७२ च्या शरद ऋतूत अमेरिकेत माइक गार्सन हा पियानोवादक घेतला गेला. त्याला आपल्यापेक्षा कितीतरी पट जास्त मानधन मिळते हे या तिघांना त्याच्याच तोंडून, सहज बोलण्यात कळले. ज्यांनी टोबी जगपासून सामान वाहिले त्यांना सर्वांत कमी पैसे. त्यांनी विचारणा केली तेव्हा गोड शब्द मिळाले, आणि ३ जुलै १९७३ रोजी हॅमरस्मिथ ओडियनच्या रंगमंचावरून बोवीने ही आपली अखेरची मैफल असल्याचे जाहीर केले. रॉन्सनला आधी सांगितले होते; बोल्डर आणि वुडमन्सी यांना ते प्रेक्षकांबरोबरच कळले.

मी पंचवीस वर्षे ऑर्केस्ट्रात गिटार वाजवली आहे. गणपतीत आणि नवरात्रात एका रात्रीत दोन कार्यक्रम केले. मुख्य गायकाच्या गाडीमागून टेम्पोत सामानावर बसून प्रवास केला आणि पहाटे तीन वाजता पाकीट उघडल्यावर ठरलेल्यापेक्षा कमी पैसे निघालेले पाहिले. एका हंगामाच्या मध्यावर मला बदलले गेले, तेही मला न सांगता. कार्यक्रमाच्या ठिकाणी पोहोचलो तेव्हा माझ्या जागी दुसरा मुलगा तारा जुळवत होता. त्यामुळे हॅमरस्मिथची ती रात्र मला इतिहास म्हणून वाचता येत नाही.

मंदार_७४

तुमच्या अनुभवाबद्दल सहानुभूती आहे, पण बोवीला खलनायक ठरवण्याआधी त्याच्या स्वतःच्या खिशात काय होते तेही पाहा. तो समजत होता की त्याचे व्यवस्थापन पाहणाऱ्या मेनमॅन कंपनीत आपण निम्मे मालक आहोत. वास्तविक कंपनी डिफ्रीजची होती. १९७५ मध्ये फारकत घेताना पुढच्या काही वर्षांच्या कमाईतला वाटाही त्याला सोडून द्यावा लागला. फसलेल्या माणसाने दुसऱ्यांना फसवले असे म्हणणे अन्यायाचे आहे.

सहावी_तार

हाच युक्तिवाद मी प्रत्येक मालकाकडून ऐकला आहे. वरून पैसे आले नाहीत, मी तरी काय करणार? वुडमन्सीला काढल्याचे त्याला त्याच्या लग्नाच्या दिवशी दूरध्वनीवरून कळवले गेले. त्या दूरध्वनीला आरसीएचे किती पैसे लागले असते? अडचण समजून घ्यायची ती नेहमी वादकानेच, आणि तुमच्यासारखे रसिक बाल्कनीत बसून त्याला व्यवहार शिकवतात.

मंदार_७४

‘तुमच्यासारखे रसिक’ हे शब्द परत घ्यावेत. मी आयुष्यात कोणाचेही मानधन बुडवलेले नाही.

पाचगणीकर

वादात शिरण्याची क्षमा मागतो. या संकेतस्थळावर त्या काळाच्या ब्रिटिश रॉकवर चर्चा झाली की बोवी आणि मार्क बोलान यांच्यावर पाने भरतात. ज्याचे शालेय शिक्षण आमच्या पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये झाले आणि ज्याने तिथेच ‘द हेक्टिक्स’ या शाळकरी वाद्यवृंदात पियानो वाजवला, त्या ‘क्वीन’च्या गायकाचा, फ्रेडी मर्क्युरीचा, उल्लेख शेवटी होतो किंवा होतच नाही. पण इथे त्याचा एक खरा संबंध आहे. २० एप्रिल १९९२ रोजी वेम्बली मैदानावर फ्रेडीच्या स्मरणार्थ झालेल्या मैफलीत बोवी आणि रॉन्सन पुन्हा एकत्र उभे राहिले आणि ‘हीरोज’ वाजवले. रॉन्सन तेव्हा कर्करोगाने आजारी होता. एका वर्षाने, २९ एप्रिल १९९३ रोजी, वयाच्या ४६ व्या वर्षी तो गेला. बोवीने त्याला पूर्ण विसरून टाकले होते असे म्हणता येणार नाही.

सहावी_तार

एकोणीस वर्षांनी एका रात्रीपुरते शेजारी उभे राहणे चांगले दिसते, हे मान्य. त्यात बोल्डर आणि वुडमन्सी नव्हते, हेही नोंदवा.

अनुराधा_क्रॉयडन

बोलानचे नाव निघाले म्हणून विचारते. १८ मार्च १९७२ ला, म्हणजे बोवी नगरसभागृहांत वाजवत होता तेव्हा, बोलानच्या टी रेक्स या गटाने वेम्बलीचे एम्पायर पूल हे सभागृह भरवले होते आणि बीटल्सच्या रिंगो स्टारने त्याचे चित्रीकरण केले होते. चमकी लावून दूरदर्शनवर येण्याचे धाडस बोलानने त्याच्याही वर्षभर आधी केले होते. रस्ता आधीच तयार असताना त्यावरून चालणाऱ्याच्या घामाचे एवढे कौतुक कशाला?

शिरीष_ना

कारण बोलान त्या रस्त्यावर जिथे पोहोचला तिथेच थांबला. बोवीने १९ आणि २० ऑगस्टला रेनबो थिएटरमध्ये लिंडसे केम्प यांच्या मूकनाट्य मंडळींना घेऊन मैफलीचे नाट्यरूप केले. एप्रिल १९७३ मध्ये तो जपानला गेला, तोही बोटीने, कारण विमानात बसायला तो घाबरत असे, आणि तिथले वेशभूषाकार कान्साई यामामोतो यांचे पोशाख घालून गायला. तिथून बोटीने नाखोदका या सोव्हिएत बंदरात उतरून रेल्वेने सैबेरिया ओलांडून परतला. दर काही आठवड्यांनी तो प्रयोग बदलत होता. हे सातत्य मला बोलानमध्ये दिसत नाही.

सहावी_तार यांना मात्र वेगळे उत्तर द्यायला हवे. दौऱ्याचे यश रोजच्या वादनातून आले असे मी म्हणतो, तर ज्यांनी ते वादन केले त्यांच्या मानधनाचा प्रश्न विषयांतर ठरत नाही. तो माझ्याच मांडणीतून निघतो. तरीही दौरा थांबवायचा निर्णय चुकीचा होता असे मला वाटत नाही. अमेरिकेच्या पुढच्या फेरीसाठी पैसा घालायला आरसीए तयार नव्हती आणि ती भूमिका त्याच्या अंगावर चढून बसली होती. निर्णय योग्य होता. कळवण्याची पद्धत निर्दय होती.

मंदार_७४

ब्रिटनपुरते तुमचे म्हणणे मी मान्य करतो, मनापासून नव्हे, पण ऑक्सफर्डसारखी सभागृहे जुलैआधी भरली असतील तर ती नाकारून चालणार नाही. अमेरिकेबाबत मी मागे हटत नाही. तिथे तो पहिल्या क्रमांकावर पोहोचला १९७५ मध्ये, ‘फेम’ या गाण्याने, आणि तेव्हा ना झिगी होता ना त्याचे तीन साथीदार. ज्या दौऱ्याने अमेरिका जिंकल्याचे पुस्तकांत छापले जाते त्याने ती जिंकलीच नव्हती.

सहावी_तार

शिरीष, निर्दय म्हणालात तेवढे पुरे आहे. मंदार, ‘तुमच्यासारखे’ हा शब्द परत घेतो. बाल्कनी परत घेत नाही.