'हार्ड एट': सिडनीचं गुपित फोडायला हवं होतं का?

तिसरी घंटा:
पॉल थॉमस अँडरसनचा पहिला सिनेमा, 'हार्ड एट' (१९९६), काल पाहिला. पुढे रहस्यभेद आहे, बघायचा असेल तर इथूनच मागे फिरा.

आईच्या अंत्यविधीसाठी सहा हजार डॉलर जिंकायला जॉन लास व्हेगसला गेला, आणि होतं नव्हतं ते घालवून कॉफी शॉपच्या दाराशी बसलाय. सुटाबुटातला म्हातारा सिडनी येतो, कॉफी पाजतो, सिगारेट देतो. जॉनला भलताच संशय! आपल्याला तीन प्रकारचं कराटे येतं, अशी आधीच तंबी देऊन ठेवतो. मी खूश होतो. मग जॉनचा दोस्त जिमी येतो, जॉनला सगळं सांगेन म्हणून सिडनीला धमकावतो आणि कळतं, जॉनच्या बापाला सिडनीनेच मारलंय. सगळा विचका. कारण नसताना कुणी कुणाचं भलं करूच शकत नाही का?

पिटातला:
मला नाही खटकलं. सुरुवात प्रायश्चित्ताने झाली असेल, पण पुढे? रिनोमध्ये, म्हणजे जुगाराच्या त्या दुसऱ्या शहरात, जॉन सिडनीसारखे कपडे घालतो, तो पितो तेच मागवतो. आणि पोटच्या पोरासारखी माया आहे हे सिडनी फोनवर सांगतो, ते तुला खोटं वाटलं?

हिशेबनीस:
तुमचं चालू द्या. मला सिडनी जॉनला शिकवतो ती कसिनोतली युक्ती जाम आवडली. नोटा देऊन नाणी घ्यायची, कसिनोच्या कार्डावर नोंद करून घ्यायची, जेमतेम खेळायचं, दुसऱ्या खिडकीवर नाणी मोडून पुन्हा पहिल्या खिडकीवर. पैसे तेच, कार्डावरचा आकडा मात्र फुगत जातो. बडं गिऱ्हाईक समजून खोली फुकट!

तिसरी घंटा:
@पिटातला, फोनवरचं खरं वाटलं, तीच तर पंचाईत आहे. पण मग जिमीला गोळी घातली ती जॉनच्या मायेपोटी की स्वतःची लाज झाकायला?

पिटातला:
दोन्ही. खरं बोलून सिडनी मोकळा झाला असता, आणि जॉन? त्याने त्या माहितीचं काय लोणचं घालायचं होतं? नुकतंच लग्न झालंय, त्यात मोटेलमध्ये पैसे बुडवणाऱ्या गिऱ्हाइकाला ओलीस धरल्याचं ते प्रकरण अंगाशी आलेलं. गप्प बसला तेच बरं केलं.

आणि नट फिलिप सीमोर हॉफमनबद्दल अजून एक अक्षर नाही? क्रॅप्सच्या (फाशांच्या जुगाराच्या) टेबलावर सिडनीला म्हातारा म्हणून डिवचणारा तो आगाऊ पोरगा! एवढासा प्रसंग, पण कानाखाली वाजवावीशी वाटते.