मदत हवी आहे: हाताने फिरवायच्या सिनेकॅमेऱ्याचं मॉडेल, फिल्म फाटतेय

मंडळी, बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरातच कॅमेरा घडवला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. त्या काळच्या पद्धतीचं चालतं मॉडेल प्रदर्शनासाठी करतोय (मूळ कॅमेऱ्याची हुबेहूब नक्कल नव्हे). ३५ मिमी फिल्म, हँडलच्या एका फेऱ्यात ८ फ्रेम. ३२ दात्यांचं स्प्रॉकेट (फिल्मच्या कडेच्या भोकांत अडकणारं दातेरी चाक) हँडलच्याच दांड्यावर बसलंय, पंजाला (एकेक फ्रेम ओढणाऱ्या आकड्याला) मात्र १:८ गिअर लागतो.

फिल्म भोकांपाशी फाटते. स्प्रॉकेट सतत फिरतं, पंजा झटक्यानं १९ मिमी ओढतो. दोघांच्या मधला फिल्मचा ढिला फास लहान पडला की सगळा ताण भोकांवर. फास वाढवला तर झाकणाला घासतो! गेटच्या (भिंगामागे फिल्म दाबून धरणाऱ्या चौकटीच्या) स्प्रिंगचा दाब कमी करू की पेटीच रुंद करू? दाब फार कमी केला तर चित्र हलेल, ही धास्ती आहेच.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात पितळी गिअरचा एकच नग कापून देणारं कुणी आहे का? आणि चाचणीसाठी जुनं नायट्रेट रीळ कृपया देऊ नका, ते भडकन पेटतं.