निबंधासाठी एकच हक्क निवडा

ताई, संविधान दिनाच्या निबंधात लेकीला सहाही मूलभूत हक्क बसवायचेत म्हणालात. माझं ऐका, तिला एकच घेऊ द्या. धर्म, जात, लिंग अशा कारणांवरून भेदभावाला मनाई करणारा अनुच्छेद १५ बघा. त्याच्या दुसऱ्या खंडात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते असा स्पष्ट उल्लेख आहे. संविधानात तलाव कशाला आला, हा प्रश्न तिलाच पडू द्या. मग २० मार्च १९२७ चं महाड आपोआप येईल. चवदार तळं सर्वांना खुलं करण्याचा नगरपालिकेचा ठराव १९२४ चाच होता, तरी पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडलं! मी असे निबंध तपासते. उद्देशिका उतरवून काढलेलेच जास्त असतात, वाईट वाटतं. आणि हो, गावातला पाणवठा कोणाकोणाला खुला होता, हे तिला आजीला विचारायला सांगा.